धंद्यासाठी सरकारी मदत : परभणी जिल्ह्यात काय मागावे, कुठे मागावे आणि आधी काय मागू नये

"मुसलमानांना धंद्यासाठी सरकारी अनुदान मिळतं म्हणे, त्याचा फॉर्म कुठे मिळेल?" परभणी शहरातून, जिंतूर-पाथरीकडून, अगदी पालम-सोनपेठहून आम्हाला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. म्हणून उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहोत. हा लेख जपून ठेवा, घरातल्या मुलामुलींना वाचायला द्या.

आधी खरे ते सांगतो. केवळ मुसलमान आहात म्हणून दुकानासाठी रोख रक्कम हातात देणारी योजना आमच्या पाहण्यात नाही. जे आहे ते तीन प्रकारचे आहे. कमी व्याजाचे कर्ज, बँकेच्या कर्जाला जोडून येणारे अनुदान, आणि प्रशिक्षण किंवा अवजारे. यात अल्पसंख्याक म्हणून काही ठिकाणी चांगली सवलत आहे. पण एका योजनेचा लाभ घेतला की दुसरीचे दार बंद होते, हे कोणी सांगत नाही. आपली माणसे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. घाईत पन्नास हजारांचे छोटे कर्ज काढायचे आणि मग लाखाचे अनुदान हुकले म्हणून हळहळायचे.

आपला जिल्हा या बाबतीत अनोळखी नाही. २००८ मध्ये केंद्र सरकारने देशभरातून ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते : परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा. त्याआधी सच्चर समितीने २००६ च्या अहवालात बँकांचे आकडे मांडले होते. अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जखात्यांमध्ये मुसलमानांचा वाटा १२.२ टक्के होता, रकमेत मात्र ४.६ टक्केच. म्हणजे खाती होती, पण कर्जे अगदी लहान. काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्ज देण्यासाठी नकोसा भाग मानतात, असेही समितीने नोंदवले. तेव्हा मॅनेजर साहेबांनी "बघू, नंतर या" म्हटले की लगेच मागे फिरू नका.

सगळ्यात मोठे अनुदान : पीएमईजीपी

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. ही योजना सर्वांसाठी आहे, पण अल्पसंख्याक समाज तिच्या 'विशेष प्रवर्गात' मोडतो, आणि हेच बहुतेकांना ठाऊक नसते. सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. आपल्याला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा १० ऐवजी ५ टक्केच भरावा लागतो. उत्पन्नाची अट नाही, वय १८ पूर्ण असले की झाले. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची कमाल किंमत ५० लाख, सेवा उद्योगासाठी २० लाख. उत्पादनात १० लाखांच्या वर आणि सेवेत ५ लाखांच्या वर जायचे असेल तर किमान आठवी पास लागते.

हिशोब कसा बसतो ते बघा. समजा जिंतूर तालुक्यातल्या बोरी किंवा चारठाण्यात एका बहिणीला पाच शिलाई मशीनचा कपडे शिवण्याचा कारखाना काढायचा आहे, प्रकल्प ५ लाखांचा. तिने स्वतःचे २५,००० घालायचे. बँक ४,७५,००० मंजूर करते. ३५ टक्क्यांनी १,७५,००० अनुदान येते. हे अनुदान तिच्या हातात पडत नाही. ते बँकेत तिच्या नावाने तीन वर्षे अडकवून ठेवले जाते. त्यावर तिला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. म्हणजे व्याज लागते ते ३ लाखांवर. तीन वर्षांनी कारखाना चालू आहे का याची जागेवर पाहणी होते, आणि मग अनुदान कर्जात जमा होते. मधेच शटर खाली केले तर अनुदान परत जाते. हाच कारखाना जिंतूर शहरात काढला तर अनुदान १,२५,०००, कारण नगरपालिकेची हद्द शहरी धरली जाते. धंदा असा असेल की गावातूनही चालेल, तर जागा ठरवण्याआधी या ५० हजारांचा विचार करा.

अटीही नीट वाचा. उद्योग नवीन पाहिजे. आधीपासून चालू असलेल्या दुकानाला नवीन दाखवून अर्ज करू नका, पाहणीत उघडे पडते. पती-पत्नी मिळून एक कुटुंब, आणि एका कुटुंबात एकालाच लाभ. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. नुसता माल आणून विकण्याच्या दुकानाला या योजनेत फार थोडी जागा आहे. त्यामुळे किराणा, कापड, मोबाईल विक्री यांसाठी इथे वेळ घालवण्यापेक्षा मुद्रा बरी.

आणखी एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. कापलेल्या मांसावर प्रक्रिया करणारा उद्योग, तसेच विडी, पान, तंबाखू यांचा धंदा या योजनेत बसत नाही. बिर्याणी हाऊस किंवा खानावळ मात्र बसते. २०२२ च्या सुधारित नियमांत हॉटेल-ढाब्यावर मांसाहारी जेवण देण्याला मोकळीक दिली आहे. जुनी यादी बघून कोणी "नॉनव्हेज चालत नाही" म्हणाले, तर हे सुधारित नियम पुढे ठेवा.

अर्ज ऑनलाइन आहे. परभणीतले जिल्हा उद्योग केंद्र, खादी ग्रामोद्योग मंडळ किंवा खादी आयोग यांपैकी एक यंत्रणा निवडायची असते. शहरातल्यांनी उद्योग केंद्रच निवडावे. पूर्वी जिल्हा समितीपुढे मुलाखत व्हायची, ती पद्धत २०२० मध्ये बंद झाली. आता अर्ज तपासून थेट बँकेकडे जातो. म्हणून अर्ज करायच्या आधीच आपल्या शाखेत जाऊन मॅनेजरला धंदा समजावून सांगा. ज्या शाखेत तुमचे खाते नाही, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, तिथे अर्ज गेला की बहुधा तो पडूनच राहतो. योजनेची सध्याची मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची धरलेली होती, तेव्हा फॉर्म भरण्याआधी उद्योग केंद्रात चालू स्थिती विचारा.

याच धर्तीवर राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. त्याला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. महिलांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान. केंद्राची आणि राज्याची अशा दोन्ही योजना एका माणसाला मिळत नाहीत.

मौलाना आझाद महामंडळ

लोकांना सगळ्यात जास्त ठाऊक असलेले नाव हेच. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ राज्याने २००० मध्ये स्थापन केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचे भागभांडवल ७०० कोटींवरून १००० कोटी करायचे ठरवले. दिल्लीच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास आणि वित्त महामंडळाचा पैसाही याच मार्गाने राज्यात येतो. हे राष्ट्रीय महामंडळ १९९४ पासून काम करते.

इथून मिळते ते कर्ज, अनुदान नव्हे. राष्ट्रीय महामंडळाच्या नियमांप्रमाणे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर मुदत कर्ज २० लाखांपर्यंत, व्याज ६ टक्के. उत्पन्न ३ ते ८ लाखांच्या मधे असेल तर ३० लाखांपर्यंत, पुरुषांना ८ आणि महिलांना ६ टक्के. कारागिरांसाठी 'विरासत' नावाची वेगळी योजना आहे, तिच्यात १० लाखांपर्यंत कर्ज आणि कमी उत्पन्न गटातल्या महिलांना ४ टक्के व्याज. मुदत कर्जात लाभार्थ्याचा हिस्सा ५ टक्के.

हे आकडे वाचून लगेच २० लाखांचे स्वप्न बघू नका. ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात किती मिळेल ते त्या वर्षी महामंडळाकडे किती पैसा आहे आणि तुमचे जामीनदार किती भक्कम आहेत यावर ठरते. जामीनदाराजवळ बहुतेकांचे घोडे अडते. म्हणून आधी जिल्हा कार्यालयात जाऊन जामीनदाराची अट लेखी समजून घ्या, मग बाकीचे कागद गोळा करा. उलटे केले तर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते आणि पुन्हा तहसीलच्या चकरा. आणि घेतलेले कर्ज फेडा. महामंडळाचा पैसा फिरता असतो, एकाने बुडवले की पुढच्याला उशीर होतो.

विश्वकर्मा, स्वनिधी, मुद्रा : इथे क्रम सांभाळा

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात १८ हातकाम आहेत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, धोबी, चांभार, कुंभार, सोनार, कुलूप-किल्लीवाले, टोपल्या-झाडू विणणारे, माळा बनवणारे वगैरे. नाव ऐकून ही आपली योजना नाही असा काहींचा समज झाला. तो चुकीचा आहे. धर्म-जातीची अट त्यात नाही. मोहल्ल्या-मोहल्ल्यात शिवणकाम करणाऱ्या बहिणी आणि गवंडीकाम करणारे भाऊ यात सरळ बसतात. नोंदणी सीएससी केंद्रावर, बोटाचा ठसा देऊन. ५ ते ७ दिवसांचे प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर. त्यानंतर हवे असेल तर ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. भत्ता आणि अवजारे हे खरोखर परत न करायचे पैसे आहेत. गॅरेज मिस्त्री, वेल्डर, गादी भरणारे पिंजारी, बांगडीवाले मणियार मात्र या १८ मध्ये नाहीत, त्यांनी यामागे धावू नये.

आता ती मेख. गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपी, स्वनिधी किंवा मुद्राचे कर्ज घेतले असेल तर विश्वकर्मात बसत नाही. मुद्रा आणि स्वनिधी पूर्ण फेडले असेल तर चालते. कुटुंबातल्या एकालाच लाभ, आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. तेव्हा शिंपी, गवंडी, सुतार यांनी आधी विश्वकर्मा करावे. मुद्रा नंतर कधीही मागता येते. ज्याला पुढे पाच-दहा लाखांचा कारखाना काढायचा आहे त्याने मात्र आधी पीएमईजीपीचाच विचार करावा, कारण ज्या युनिटवर एकदा दुसरे सरकारी अनुदान घेतले ते तिथे चालत नाही.

हातगाडीवाले, फळविक्रेते, फुटपाथवर बसणारे यांच्यासाठी पीएम स्वनिधी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ती मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिले कर्ज १५ हजार, दुसरे २५ हजार, तिसरे ५० हजार. वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याज सरकार परत देते. परभणीत महानगरपालिका आणि तालुक्याच्या ठिकाणी नगरपरिषद किंवा नगरपंचायत इथे फेरीवाला प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मागा. ते पत्र मिळाले की पुढचे काम सोपे आहे.

मुद्रा २०१५ पासून आहे. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज नीट फेडणाऱ्याला आता २० लाखांपर्यंत. अनुदान शून्य, पण तारणही लागत नाही. १० लाखांपर्यंतच्या लघुउद्योग कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. घराचे कागद मागितले तर हा नियम दाखवा.

बेकरी, मसाला, पापड, लोणचे, शेवया, फरसाण करणाऱ्यांसाठी कृषी विभागाकडे सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० पासून आहे. ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, तेही बँक कर्जाला जोडून. जुनी चालू बेकरी वाढवायलाही हे मिळते, पीएमईजीपीत ही सोय पहिल्या कर्जात नाही. तिचीही मुदत आधी विचारा. मोठ्या प्रमाणावर शेळीपालन करणाऱ्यांनी पशुसंवर्धन कार्यालयात राष्ट्रीय पशुधन अभियानाची चौकशी करावी, तिथे ५० टक्के भांडवली अनुदान आहे.

ओबीसी असाल तर, आणि व्याजाचा प्रश्न

बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी, मणियार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. हे सहज मिळालेले नाही. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली. तरीही घराघरात अजून जातीचा दाखला काढलेला नसतो. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, जन्म-मृत्यूची नोंद, जुना खासरा. आपल्याकडे निजामकाळातली कागदपत्रे उर्दूत असतात, त्यांचे अधिकृत भाषांतर करून घ्यावे लागते. कष्टाचे काम आहे, पण एकदा केले की मुलांच्या शिक्षणालाही उपयोगी पडते.

हा दाखला हाती असला की राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाकडे जाता येते. तिथे १ लाख रुपयांची थेट कर्ज योजना आहे. हप्ते वेळेवर भरले तर तिला व्याज नाही, चार वर्षांत महिना सुमारे २,०८५ रुपये फक्त मुद्दल. हप्ता थकला तर मात्र थकलेल्या रकमेवर ४ टक्के लागते. १० लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचे व्याज परत देणारी दुसरी योजनाही तिथेच आहे.

आमचे अनेक वाचक व्याजाच्या कर्जाला हातच लावत नाहीत. त्यावर मसला सांगणे आमचे काम नाही, तो तुमच्या आलिमांना विचारा. आम्ही फक्त काय उपलब्ध आहे ते सांगतो. वरची बिनव्याजी योजना, विश्वकर्माचे प्रशिक्षण आणि अवजारे, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतले मोफत कोर्स हे व्याजाशिवाय घेता येते. बिनव्याजी बँकेची मागणी जुनी आहे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये तिची शिफारस केली होती, रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. सोलापूर जिल्ह्यात लोकमंगल सहकारी बँकेने बार्शी शाखेत २०१६ मध्ये बिनव्याजी कर्जाची खिडकी उघडून पाहिली होती. सहकार कायद्याखाली बिनव्याजी पतसंस्था काढता येतात, दिल्लीची सहूलत मायक्रोफायनान्स सोसायटी हे काम कसे करायचे ते शिकवते. परभणीसारख्या बाजारपेठेत बिरादरीच्या पैसेवाल्यांनी हे मनावर घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

कागदपत्रे, म्हणजे खरी लढाई

आपल्या लोकांचे अर्ज जिथे परत येतात तिथे कारण बहुधा एकच असते, नाव. आधारवर 'शेख', पॅनवर 'शेक', बँकेत नुसते 'एस. के.'. कुठे 'मोहम्मद', कुठे 'मो.', कुठे 'महंमद'. बहिणींचे तर माहेरच्या टी.सी.वर 'बी', लग्नानंतर 'बेगम', रेशन कार्डावर तिसरेच. संगणकाला हे तीन वेगळे माणसे वाटतात. उपाय असा की एक कागद पाया म्हणून धरा, शक्यतो शाळा सोडल्याचा दाखला. बाकी सगळे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. फरक मोठा असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. हे काम योजना जाहीर झाल्यावर सुरू करू नका, आजच करा. त्याच दाखल्यावर धर्माची नोंद असते, अल्पसंख्याक असल्याचा पुरावा म्हणून तो कामी येतो. शाळेत कधी गेलाच नसाल तर स्वयंघोषणापत्र चालते का ते त्या-त्या कार्यालयात विचारा.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट. आमच्यापैकी एकाच्याच घरी एजंटाने तिचे दीड हजार उकळले होते, म्हणून मुद्दाम सांगतो. यातल्या कोणत्याही योजनेला एजंट लागत नाही. "साहेबांना द्यावे लागतात" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा साहेबांना ओळखतही नसतो. शिवाय प्रोजेक्ट रिपोर्ट स्वतः समजून घ्या. बँकेत बसल्यावर महिन्याला किती माल विकणार हे विचारले आणि उत्तर आले नाही, तर तिथेच फाईल बंद.

सिबिल आधी बघून घ्या. मोबाईल हप्त्यावर घेतलेला आणि दोन हप्ते राहिलेले, कोणाला जामीन राहिलेले, गटाच्या नावाने दर आठवड्याला हप्ता घ्यायला येणाऱ्या खासगी फायनान्सचे कर्ज, हे सगळे त्यात दिसते. दुकान भाड्याचे असेल तर भाडेकरार नोंदवलेला ठेवा, जागा वक्फची असेल तर करार आणि भाड्याच्या पावत्या दोन्ही सांभाळा.

नाही म्हणाले तर

तोंडी नकार मानू नका. अर्जाची पोच घ्या आणि नकाराचे कारण लेखी मागा. मग त्याच बँकेच्या वरिष्ठ कार्यालयात तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. अल्पसंख्याकांना दिलेले कर्ज बँकेच्या 'दुर्बल घटक' खात्यात मोजले जाते आणि त्याचे १२ टक्क्यांचे उद्दिष्ट बँकेवर असते, हे तक्रारीत जरूर लिहा. जिल्ह्यात अग्रणी बँकेचे जिल्हा व्यवस्थापक असतात, सगळ्या बँकांच्या कामाचा आढावा त्यांच्याकडे असतो. त्यांना अर्जाची प्रत द्या. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही निवेदन घेतले जाते.

आणि तुमच्या भागात गेल्या वर्षी किती अल्पसंख्याक अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या बँकेत पडून आहेत हे जाणून घ्यायचे असेल तर जिल्हा उद्योग केंद्राच्या माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर यावे लागते. आलेली माहिती आमच्याकडे पाठवा, आम्ही तालुकावार छापू.